अल्ट्राव्हायोलेट स्पेक्ट्रममधून गॅलेक्सीतला गॅस कसा ओळखायचा (घरबसल्या, फुकटात, आणि माझ्यासारखं तोंडावर न पडता)

आधी माझी फजिती सांगतो म्हणजे पुढचं का सांगायलोय ते कळेल. दोन वर्षांपूर्वी आमच्या आकाशवाल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी रात्री पावणेएकला मेसेज टाकला, "ब्लॅक होलकडं पडणारा गॅस सापडला, वेग सेकंदाला ७८ किलोमीटर", खाली ग्राफचा फोटो, त्यावर लाल बाण, सगळं. सकाळी उठलो तर अंगठे, फुलं, हात जोडलेले, आणि परभणीला बीएस्सीला असलेल्या भाचीचा एक मिस्ड कॉल. फोन केला तर म्हणते, "मामा, जोडीतली दुसरी रेघ कुठाय ओ?" म्हणलं कसली जोडी. मग बघितलं, तर दुसरी रेघ नव्हतीच. चोवीस कोटी प्रकाशवर्षं लांबचा म्हणून जो गॅस मी मिरवत होतो तो आपल्याच आकाशगंगेतला सिलिकॉन निघाला. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली आन् आपण आपला गॅस बंद करायला पळालो, तसला प्रकार.

तर ही गाईड त्यासाठी. लागतंय काय, तर नेट, एक लॅपटॉप (मोबाईलवर पण होतं पण डोळे जातात), गुगल अकाउंट आणि बारावीचं फिजिक्स. दुर्बीण लागत नाही, हबलनं बघून ठेवलंय.

आमच्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होणार, एप्रिल २०२३ मध्ये केंद्रानं २,६०० कोटींना मंजुरी दिली, तेव्हापासून चहाच्या टपरीवर सुद्धा मला कुणी ना कुणी ब्लॅक होलबद्दल विचारतंय. पण ते काम वेगळं बरंका, तिथं दोन छोटी ब्लॅक होल एकमेकांवर आदळली की जी लहर येते ती मोजणार. आपण इथं बघणार आहोत ते गॅलेक्सीच्या मधोमध बसलेलं धूड, कोट्यवधी सूर्यांच्या वजनाचं, आणि तेही लहरीतून नाही तर प्रकाशातून. ज्या गॅलेक्सीचं ब्लॅक होल सध्या जेवायला बसलंय तिला ॲक्टिव्ह गॅलेक्सी म्हणतात. कार्ल सेफर्टनं १९४३ मध्ये अशा सहा गॅलेक्स्या वेगळ्या काढल्या, त्यांच्या स्पेक्ट्रममधल्या (कुठल्या तरंगलांबीला किती उजेड, त्या आलेखातल्या) लाईनी, म्हणजे ठरावीक तरंगलांबीला उजेड वाढतो किंवा घटतो त्या रेघा, लई रुंद होत्या, म्हणून अजून पण या जातीला सेफर्ट गॅलेक्सी म्हणतात. जेवताना जेवढं पोटात जातं तेवढंच अंगावर सांडतं पण, आणि हे सांडलेलं, बाहेर उडालेलं जे आहे ना, तेच आपल्याला शोधायचंय.

आता अल्ट्राव्हायोलेटच का, साध्या प्रकाशात का नाही. या गॅसवर मधून इतका कडक प्रकाश पडतो की अणूंचे इलेक्ट्रॉन उडून जातात. कार्बनचे तीन इलेक्ट्रॉन गेले की त्याला सी-फोर म्हणतात (नावात फोर पण गेलेले तीनच, हा एकाचा फरक कायम डोक्यात ठेवायचा, माझा सहा महिने घोळ व्हायचा). सी-फोर तयार व्हायला साधारण ४८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, सिलिकॉन-फोरला साडेतेहेतीस, नायट्रोजनच्या एन-फाईव्हला साडेसत्त्याहत्तर, ऑक्सिजनच्या ओ-सिक्सला ११४. म्हणजे कुठला आयन दिसतोय यावरून तिथं मार किती बसतोय ते कळतं. आणि हे जे आयन आहेत त्यांच्या उरलेल्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनला पहिली उडी मारायला ८ ते १२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. आपल्या डोळ्याला दिसणारा प्रकाश सगळा दोन-तीन इलेक्ट्रॉन-व्होल्टचा, त्यात ही उडी बसतच नाही. म्हणून दिसणाऱ्या प्रकाशात हा गॅस जवळपास काचेसारखा, आरपार, आणि अल्ट्राव्हायोलेटमध्ये तोच गॅस काळ्याभोर रेघा मारतो. गोची एवढीच की आपल्या हवेतला ओझोन आणि ऑक्सिजन हा प्रकाश खाली येऊच देत नाहीत, म्हणून दुर्बीण वर पाठवावी लागते. १९७८ ते १९९६ आययूई होती, मग १९९९ ते २००७ फ्यूज, आणि हबलवर मे २००९ मध्ये अंतराळवीरांनी कॉस नावाचं स्पेक्ट्रोग्राफ (प्रकाश तरंगलांबीप्रमाणं वेगळा करून मोजणारं यंत्र) बसवलं, आपलं आजचं काम त्याच्यावर.

(आपल्या ॲस्ट्रोसॅटवर पण अल्ट्राव्हायोलेट दुर्बीण आहे, यूव्हिट, २८ सप्टेंबर २०१५ ला श्रीहरिकोट्याहून गेली. फोटो लई सुंदर. पण तिची ग्रेटिंग, म्हणजे प्रकाश तरंगलांबीप्रमाणं पसरवणारी जाळी, इतकं बारीक वेगळं करत नाही, त्यात रुंद लाईनी दिसतील, जोड्या (एकाच आयनच्या जवळजवळच्या दोन रेघा) सुट्या दिसणार नाहीत. आणि आपला तर सगळा खेळ जोड्यांचा.)

फाईल कुठून आणायची

मास्ट म्हणून हबलचं आर्काइव्ह आहे, गुगलवर मास्ट हबल आर्काइव्ह टाका, पहिलंच येतं. पैसे नाहीत, लॉगिन पण नाही. सर्चमध्ये एनजीसी ५५४८ टाका. नवख्या माणसानं हीच गॅलेक्सी घ्यावी असं माझं ठाम मत आहे, कारण हिच्यावर इतकं काम झालंय की आपण चुकलो तर पडताळून बघता येतं. भूतप तारकासमूहात आहे, स्वातीच्या जवळपासच्या भागात. मे महिन्यात माळवदावर झोपायला गेलात की अकरा-बाराच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर येते, अर्थात डोळ्याला दिसत नाही, मोठ्या दुर्बिणीतून पण एक पुसटसा कापसाचा बोळा. मी तरी झोपायच्या आधी तिकडं एकदा बघून घेतो.

लिस्ट शेकड्यात येईल, घाबरायचं नाही. डावीकडच्या फिल्टरमध्ये मिशन हबल, इन्स्ट्रुमेंट कॉस, प्रकार स्पेक्ट्रम, आणि वर्ष २०१३ ठेवा. त्या जून-जुलैमध्ये या गॅलेक्सीवर एक मोठी मोहीम झाली होती, एक्स-रे आणि अल्ट्राव्हायोलेट दोन्हीकडून एकदम बघितलं होतं. ग्रेटिंगची दोन नावं दिसतील, जी१३०एम आणि जी१६०एम. पहिली साधारण ११५० ते १४५० अँगस्ट्रॉम (तरंगलांबीचं एकक, पुढचे सगळे आकडे त्यातच) बघते, दुसरी १४०५ ते १७७५. दोन्ही घ्या. डाउनलोडमध्ये पण एका निरीक्षणाच्या ढीगभर फाईली असतात, आपल्याला फक्त शेवटी एक्स-वन-डी-सम असं नाव असलेली फिट्स फाईल पाहिजे, त्यात सगळं बेरीज करून, तरंगलांबीचा आकडा बसवून तयार ठेवलेलं असतं. बाकीच्या कच्च्या फाईली उगं डाउनलोड करू नका, मी पहिल्यांदा सगळ्या केल्या आणि महिन्याच्या सुरुवातीलाच नेटचा पॅक संपला.

गुगल कोलॅब उघडा, पायथॉनच्या ॲस्ट्रोपाय लायब्ररीनं फाईल वाचा. आत दोन ओळींचं टेबल निघतं, डिटेक्टरचे दोन तुकडे, प्रत्येकात १६,३८४ पिक्सेल. कॉलममध्ये तरंगलांबी, फ्लक्स (म्हणजे उजेड किती), एरर आणि डेटा क्वालिटी. कोड येत नसेल तर एआयकडून लिहून घ्या, हरकत नाही, पण लाईनींच्या तरंगलांब्या मात्र त्याला विचारू नका, मला एकदा एकानं इतक्या आत्मविश्वासानं चुकीचा आकडा दिला की संध्याकाळ गेली.

पहिला ग्राफ काढला की तुम्हाला वाटेल फाईल खराब आहे. सगळीकडं सपाट, खाली चिकटलेली रेघ, आणि १२१५.६७ वर एकच खांब आभाळाला टेकलेला. तो खांब म्हणजे गॅलेक्सी नाही, आपल्या पृथ्वीच्या भोवतीचा हायड्रोजन आहे, सूर्याच्या उजेडात चमकणारा, आणि हबल त्याच्यातूनच बघतंय. त्याचा छोटा भाऊ १३०२ ते १३०६ ला ऑक्सिजनचा. या दोघांना सोडून द्यायचं आणि उभ्या अक्षाची कमाल मर्यादा हातानं खाली आणायची, एकक धरून १० चा उणे १४ वा घात, त्याच्या वीसेक पटीपर्यंत ठेवून बघा, मग कमी-जास्त करा. असं केलं की एकदम चित्र उमटतं, जसं मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आजीला भिंतीवरचं कॅलेंडर दिसलं होतं तसं. एक लांबट पठार, त्यावर दोन-तीन मोठे डोंगर, आणि डोंगरांच्या डाव्या उतारावर खड्डेच खड्डे. खड्डे म्हणलं की आपल्याकडं रस्ता आठवतो, पण इथं खड्ड्यातच माल आहे.

अजून एक, सहा-सात पिक्सेलची सरासरी काढून ग्राफ गुळगुळीत करा. कॉसला तसंही त्याहून बारीक काही वेगळं दिसत नाही, सेकंदाला पंधरा-वीस किलोमीटरचा फरक एवढीच त्याची नजर, म्हणून यात काही हरवत नाही, फक्त केसाळपणा जातो.

आता डोंगर आणि खड्डे

डोंगर म्हणजे गॅस स्वतः चमकतोय तो. हा गॅस ब्लॅक होलच्या भोवती सेकंदाला हजारो किलोमीटरनं गरगरतोय, काही आपल्याकडं येतंय काही लांब जातंय, म्हणून लाईन अशी पसरून डोंगर होते. हा गॅस किती लांब आहे ते पण काढलंय लोकांनी, आणि ती पद्धत मला फार आवडते. २०१४ मध्ये फेब्रुवारी ते जुलै हबलनं जवळजवळ रोज एनजीसी ५५४८ बघितली. मधला प्रकाश वाढला की डोंगर लगेच वाढत नाही, पाच-सहा दिवसांनी वाढतो, कारण प्रकाशाला तिथपर्यंत जायला तेवढे दिवस लागतात. म्हणजे अंतर पाच-सहा प्रकाशदिवस! आमच्या वाड्यात विहिरीत दगड टाकून आवाज कधी येतोय ते मोजायचो, त्यातलाच हिशोब. गंमत म्हणजे त्याच मोहिमेत मधे साधारण दोन महिने डोंगरानं ऐकणंच सोडलं, प्रकाश कमीजास्त होतोय आणि लाईन आपल्याच नादात, शास्त्रज्ञांनी चक्क त्याला हॉलिडे म्हणलं.

खड्डे वेगळे. खड्डा म्हणजे मधल्या दिव्याच्या (ब्लॅक होलभोवतीच्या झगमगाटाच्या) आणि आपल्या मध्ये गॅस आडवा आलाय. तो डोंगराच्या डावीकडं, म्हणजे कमी तरंगलांबीकडं सरकलेला असेल तर गॅस आपल्या दिशेनं, म्हणजे गॅलेक्सीच्या मध्यापासून बाहेर निघालाय.

पण थांबा. कुठल्याही खड्ड्याला नाव द्यायच्या आधी आपल्या घरचे खड्डे खोडून काढायचे. प्रकाश शेवटी आपल्या आकाशगंगेतून येतो आणि इथला गॅस पण आपापल्या रेघा मारून ठेवतो. या रेघांची यादी एका कागदावर लिहून भिंतीला चिकटवा, मी कपाटाच्या दारावर चिकटवलीय: गंधक १२५०.५८, १२५३.८१ आणि १२५९.५२, सिलिकॉन १२६०.४२, ऑक्सिजन १३०२.१७, सिलिकॉन १३०४.३७, कार्बन १३३४.५३, सिलिकॉन १५२६.७१, लोखंड १६०८.४५, ॲल्युमिनियम १६७०.७९. या आकड्यांवर किंवा अगदी शेजारी जे काही दिसेल ते आधी आपलं समजायचं, आणि नसल्याचं सिद्ध करायची जबाबदारी तुमची.

मग गॅलेक्सीच्या लाईनी कुठं यायला पाहिजेत ते काढा. एनजीसी ५५४८ ची रेडशिफ्ट (गॅलेक्सी लांब जातेय म्हणून तरंगलांबी किती ताणली जाते तो आकडा) ०.०१७१७, म्हणजे प्रत्येक तरंगलांबीला १.०१७१७ नं गुणायचं. हायड्रोजनची लायमन अल्फा नावाची लाईन १२१५.६७ ची होते १२३६.५४. एन-फाईव्हची जोडी १२३८.८२ आणि १२४२.८०, ती जाते १२६०.०९ आणि १२६४.१४ वर. सिलिकॉन-फोर १३९३.७६ आणि १४०२.७७, ती १४१७.६९ आणि १४२६.८६. सी-फोर १५४८.२० आणि १५५०.७७, ती १५७४.७८ आणि १५७७.४०.

आता माझी चूक कुठं झाली ते दिसलं का बघा. एन-फाईव्हची पहिली लाईन यायला पाहिजे १२६०.०९ ला. मला एक खोल, बारीक, सुबक खड्डा दिसला १२६०.४२ ला. फरक ०.३३, भागिले १२६०.०९, गुणिले प्रकाशाचा वेग २,९९,७९२, उत्तर आलं ७८ आणि चिन्ह अधिक. अधिक म्हणजे आपल्यापासून लांब जाणारा, दिवा त्याच्या मागं आहे, म्हणजे गॅस दिव्याकडं पडतोय! रात्री पावणेएकला असलं उत्तर आलं की माणसाचा ताबा सुटतो. यादी कपाटावर नव्हती तेव्हा. असती तर सिलिकॉन १२६०.४२ डोळ्यासमोर होता.

आणि यादी नसती तरी जोडीनं वाचवलं असतं. कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, सिलिकॉनचे हे जे आयन आहेत ते कधीच एकटी रेघ मारत नाहीत, एकाच गॅसच्या दोन रेघा, त्यांच्यातलं अंतर ठरलेलं, सेमच वेग. माझा गॅस खरंच एन-फाईव्ह असता तर ७८ च्याच वेगानं दुसरी रेघ १२६४.४७ ला पाहिजे होती. तिथं काहीच नव्हतं, सपाट उतार. भाचीनं नेमकं तेवढंच विचारलं. तिच्या भाषेत सांगायचं तर नवरी एकटीच मांडवात उभी होती.

वेगाचा ग्राफ

म्हणून आता पद्धत अशी. तरंगलांबीचा ग्राफ बाजूला ठेवा आणि प्रत्येक लाईनसाठी आडव्या अक्षावर वेग घ्या. दिसलेली तरंगलांबी वजा अपेक्षित तरंगलांबी, भागिले अपेक्षित, गुणिले २,९९,७९२. हजार-बाराशेच्या वेगाला हा साधा हिशोब चालतो, चूक दोन-तीन किलोमीटरच्या वर जात नाही. मग लायमन अल्फा, एन-फाईव्हच्या दोन, सिलिकॉन-फोरच्या दोन, सी-फोरच्या दोन असे सात ग्राफ एकाखाली एक लावा, उणे १६०० पासून अधिक ४०० पर्यंत, आणि वरपासून खालपर्यंत उभ्या रेषा मारा. खरा गॅस जोडीच्या दोन्ही ग्राफांत, आणि बहुतेक वेळा बाकीच्या ग्राफांत पण, त्याच उभ्या रेषेवर खड्डा दाखवतो. आकाशगंगेवाला एका ग्राफात दिसतो आणि बाकीच्यात गायब. इतकं साधंय हे, की पहिल्या दिवशी का नाही सुचलं याचा राग येतो.

एनजीसी ५५४८ मध्ये असे सहा गॅस माहीत आहेत, वेग साधारण उणे ११६०, ७२०, ६४०, ४७५, ३०० आणि ४०. तुम्हाला सगळे सुटे दिसणार नाहीत, ७२० आणि ६४० एकमेकांत घुसलेले आहेत. सगळ्यात लांबचा, ११६० वाला, तो पकडा. सी-फोरची पहिली रेघ त्याच्यासाठी १५७४.७८ च्या डावीकडं सहा अँगस्ट्रॉम, म्हणजे १५६८.६९ ला पाहिजे, आणि असते. मोकळी, स्वच्छ.

आता जोडीची दुसरी रेघ, ती यायला पाहिजे १५७१.३० ला. तिथं पण खड्डा आहे, झालं, जोडी सापडली म्हणून खूश होऊ नका, कारण १५७१.३० ला पहिल्या रेघेच्या हिशोबानं वेग येतो उणे ६६०, आणि तिथं आधीच ७२० आणि ६४० वाल्यांच्या पहिल्या रेघा बसल्यात. एका खुर्चीवर तिघं. सी-फोरच्या जोडीतलं अंतर वेगात मोजलं तर सेकंदाला जेमतेम ५०० किलोमीटर, म्हणून ही गर्दी होते. एन-फाईव्हमध्ये अंतर ९६० चं आहे, थोडं मोकळं, पण ११६० वाल्याची दुसरी रेघ पडते १२५९.२५ ला आणि कपाटावरची यादी बघा, गंधक १२५९.५२. परत शेजारी! सिलिकॉन-फोरमध्ये मात्र जोडी १,९४० किलोमीटर लांब लांब बसते, तिथं १४१२.२० आणि १४२१.३४ ला दोन्ही रेघा सुट्या सापडतात. म्हणून ज्या-त्या गॅलेक्सीत, ज्या-त्या वेगाला कुठली जोडी मोकळी आहे ते आधी कागदावर काढून मगच मोजायला बसा. हे काम कुणी सांगत नाही आणि सगळा वेळ इथंच जातो.

खड्डा किती खोल, याचा अर्थ काय

मोजायच्या आधी डोंगराची मूळ रेषा काढावी लागते, खड्डे नसते तर उतार कसा दिसला असता ती. खड्ड्यांच्या दोन्ही बाजूचे चांगले बिंदू हातानं निवडा आणि त्यातून गुळगुळीत वक्र न्या, मग फ्लक्सला त्या वक्रानं भागा. आता मूळ उजेड म्हणजे १ आणि खड्ड्याचा तळ त्याचा काही भाग. इथं प्रत्येकाचा वक्र वेगळा येतो, माझा आणि भाचीचा कधीच जुळत नाही, मोठ्या पेपरात पण सगळ्यात जास्त भांडण इथंच असतं असा माझा संशय आहे.

आता जोडीचा खरा फायदा. दोन रेघांपैकी पहिली दुसरीच्या दुप्पट जोरात शोषते, हे अणूचं ठरलेलं आहे, बदलत नाही. आमच्याकडं रोपवाटिकेत हिरवी शेडनेट असते बघा, पन्नास टक्केवाली. एक पदर टाकला की ऊन निम्मं, दोन पदर टाकले की पाव. म्हणजे दुसऱ्या रेघेत उजेड निम्मा उरला तर पहिलीत पाव उरायला पाहिजे. पण मोजलं तर असं निघत नाही. दुसरीत ०.४६ उरलेला असतो आणि पहिलीत ०.४०, जवळजवळ सारखंच. याचा अर्थ नेट पूर्ण शेडवर नाहीच, एका बाजूनं फाटलेली आहे, आणि त्या फटीतून येणारं ऊन तुम्ही पदर कितीही वाढवा, तेवढंच राहणार.

फट किती ते पण निघतं. १ वजा दुसरीचा उजेड, त्याचा वर्ग करा. भागिले, पहिलीचा उजेड वजा दुसरीच्या उजेडाची दुप्पट अधिक १. आपल्या आकड्यांत ०.५४ चा वर्ग ०.२९१६, खाली ०.४० वजा ०.९२ अधिक १ म्हणजे ०.४८, उत्तर ०.६१. म्हणजे दिव्याचा ६१ टक्के भाग गॅसनं झाकलाय, ३९ टक्के उघडा. (आकडे समजावण्यासाठी घेतलेत, फाईलमधले तुमचे तुम्ही काढा.) नुसत्या खड्ड्याच्या खोलीवरून गॅस मोजला असता तर वाटलं असतं पातळ आहे, खरं म्हणजे जिथं आहे तिथं चांगला जाड आहे. आणि इतक्या लांबून तो दिव्याला अर्धवटच झाकतोय हे कळतं, म्हणजे गॅसचे तुकडे दिव्याच्या मापाचे किंवा त्याहून छोटे, सलग भिंत नाही. मला तरी हे वेगापेक्षा जास्त भारी वाटतं.

२०१३ ची फाईल घ्या असं का सांगितलं ते आता. त्या वर्षी बघणाऱ्यांना धक्का बसला, कारण सी-फोरच्या डोंगराच्या डाव्या बाजूला एक नवीनच रुंद, उथळ खड्डा होता, सेकंदाला ५,००० किलोमीटरपर्यंत पसरलेला, आणि त्याच वेळी कमी ऊर्जेचे एक्स-रे जवळजवळ ९० टक्के गायब झाले होते. ब्लॅक होलच्या अगदी जवळ, काही प्रकाशदिवसांवर, गॅसचा एक दाट लोट आडवा आला होता. २०१४ मध्ये सायन्स या जर्नलमध्ये छापून आलं ते. आता बघा, हा लोट आत उभा राहिला म्हणल्यावर बाहेरच्या आपल्या ११६० वाल्या गॅसवर सावली पडली. मार कमी झाला तसे इलेक्ट्रॉन परत येऊन बसायला लागले आणि कमी मार खाल्लेला कार्बन, सिलिकॉन त्यात ठळक दिसायला लागला. सिलिकॉन-फोरची जी मोकळी जोडी आपण वर पकडली, ती एवढी उठून दिसतेय ती या सावलीमुळं. याच गॅसमधल्या काही नाजूक रेघांवरून त्याची घनता निघाली आणि घनतेवरून अंतर, साडेतीन पार्सेक, म्हणजे ११ प्रकाशवर्षांच्या आसपास. तो रुंद खड्डा मात्र नवख्यांनी मोजायला जाऊ नका, मूळ रेषा कुठंय तेच कळत नाही, नुसता बघा.

सराव म्हणून हे करा: मास्टमध्येच याच गॅलेक्सीच्या १९९८, २००२ आणि २००४ च्या फाईली आहेत, स्टिस नावाच्या जुन्या यंत्राच्या. त्या इचेल प्रकारच्या, म्हणजे स्पेक्ट्रम तुकड्या-तुकड्यांत असतो आणि ते जोडून घ्यावे लागतात, अर्धा दिवस धरा. मग १४१२.२० आणि १४२१.३४ चा भाग जुन्या-नव्याचा एकावर एक ठेवा. सावली पडायच्या आधी आणि नंतर.

एनजीसी ५५४८ झाली की कुठं जायचं, तर मार्केरियन ८१७ ही गॅलेक्सी घ्या, तिथं पण २०२० पासून मोठी मोहीम झाली आणि तिथं पण असाच लोट आडवा आलेला सापडला. भाचीनं तीच उघडलीय सध्या. रेडशिफ्ट ०.०३१५ च्या आसपास, म्हणजे लायमन अल्फा येते १२५३.९ ला. परवा रात्री साडेअकराला तिचा मेसेज, "मामा, लायमन अल्फाच्या बरोब्बर डोक्यावर एक बारीक खड्डा आहे, वेग जवळजवळ शून्य, काय असेल ओ?" मी कपाटाच्या दाराचा फोटो काढला, १२५३.८१ ला पेनानं गोल केला, आणि पाठवून दिला.